पाइपचं सहावं क्लोज : शेलची | आणि > सी-मध्ये बांधताना

आमच्या घरी मासळीची वही आहे. आईनं सुरू केलेली, आता मी ती कॉम्प्युटरवर चालवतो. बाजारातून जे आलं त्याचं नाव, एका ओळीत एक. बांगडा, तारली, इसवण, पुन्हा बांगडा. फाइलचं नाव ‘मासळी’. लिनक्सला देवनागरी नावाचं वावडं नाही. वर्षभरात बांगडा किती वेळा आला हे बघायचं तर टर्मिनलवर एवढंच लिहायचं:

ग्रेप बांगडा < मासळी | डब्ल्यूसी -एल > निकाल

ग्रेप बांगड्याच्या ओळी निवडतो, ‘|’ म्हणजे पाइप त्या पुढे पोचवतो, डब्ल्यूसी त्या मोजतो, आकडा ‘>’ मुळे ‘निकाल’ या फाइलीत जाऊन बसतो. ही ओळ चालवताना शेल, म्हणजे टर्मिनलवर लिहिलेल्या कमांडा चालवणारा प्रोग्राम, आतून काय करतं ते सी-मध्ये स्वतः लिहून बघणं, हा सिस्टिम प्रोग्रामिंगमध्ये नव्या माणसाला द्यावा असा सगळ्यात चांगला धडा आहे असं माझं मत. प्रोग्राम शंभर ओळींच्या आत बसतो. मी गोव्यात फोंड्याला राहतो आणि इंजिनिअरिंगची मुलं अधूनमधून शंका घेऊन येतात. या धड्यावर बहुतेकांची तक्रार एकच असते: “सर, प्रोग्राम अडकतो. एररसुद्धा देत नाही.” कुठे अडकतो ते मला कोड न बघताही सांगता येतं, कारण मीही तिथेच अडकलो होतो. म्हणून खालच्या सगळ्या पायऱ्यांना मी सारखी जागा दिलेली नाही. चौथी पायरी लांब आहे.

तयारी फार लागत नाही. लिनक्स किंवा मॅक. विंडोज असेल तर डब्ल्यूएसएल (विंडोजच्या आत लिनक्स) टाकून घ्या, कारण विंडोजमध्ये फोर्क, म्हणजे प्रोसेसची प्रत काढणारं फंक्शन, नाहीच. जीसीसी या कंपायलरचे सगळे इशारे चालू ठेवा. फंक्शनांची नावं मी बोलताना उच्चारतो तशीच लिहिली आहेत; टाइप करताना मॅन पानावरचं (लिनक्समधल्या मदतीच्या पानावरचं) स्पेलिंग घ्या. आणि सी-चं एक अक्षर लिहिण्याआधी वरची ओळ खऱ्या शेलमध्ये चालवून निकाल बघून ठेवा. आपला प्रोग्राम बरोबर की चूक हे ठरवणारा पंच तोच.

पायरी १ : ०, १, २

प्रत्येक प्रोसेसकडे, म्हणजे चालू प्रोग्रामकडे, उघड्या फाइलींचा एक तक्ता असतो. त्यातल्या रकान्याचा नंबर म्हणजे फाइल डिस्क्रिप्टर. ० वरून वाचायचं, १ वर लिहायचं, २ वर रडगाणं (म्हणजे एरर) गायचं, एवढा संकेत सगळे प्रोग्राम पाळतात. डब्ल्यूसी आकडा १ वर लिहितो. १ च्या पलीकडे स्क्रीन आहे, फाइल आहे की दुसरा प्रोग्राम, याच्याशी त्याला देणंघेणं नाही. शेलची सगळी जादू या बेफिकिरीवर उभी आहे: प्रोग्राम सुरू होण्याआधी कुणीतरी गुपचूप ० आणि १ च्या मागची वस्तू बदलून ठेवतं. आता तो ‘कुणीतरी’ आपण व्हायचं.

एक नियम लक्षात ठेवा. नवी फाइल उघडली की सगळ्यात लहान मोकळा नंबर मिळतो. ०, १, २ आधीच भरलेले, म्हणून पहिली फाइल बहुधा ३ वर येते.

पायरी २ : आधी नुसतं >

पाइपच्या आधी एकट्या डब्ल्यूसीचा निकाल फाइलीत पाठवून बघा. इथे चार फंक्शनं भेटतात.

फोर्क प्रोसेसची प्रत काढतं: मूळ प्रोसेस पॅरेंट, प्रत चाइल्ड. फोर्क एकदा बोलावलं की ते दोनदा परततं: चाइल्डमध्ये ० घेऊन, पॅरेंटमध्ये चाइल्डचा नंबर घेऊन. फाइलींच्या तक्त्याचीही प्रत निघते. हे वाक्य पुन्हा वाचा, पुढे छळणार आहे.

एक्झेकव्हीपी चालू प्रोसेसच्या जागी दुसरा प्रोग्राम आणून बसवतं. यशस्वी झालं तर ते कधीच परतत नाही, त्यामुळे त्याच्या खालची ओळ चालली याचाच अर्थ काहीतरी फसलं. महत्त्वाचं म्हणजे जुना प्रोग्राम गेला तरी फाइलींचा तक्ता तसाच राहतो. घर तेच, भाडेकरू नवा, आणि नळाची जोडणी आधीच्यानं करून ठेवलेली.

ओपन फाइल उघडतं. ‘>’ साठी तीन झेंडे एकत्र लागतात: फक्त लिहिण्यासाठी, नसेल तर तयार कर, असेल तर आधी रिकामी कर. तिसरा विसरलात तर नवा मजकूर छोटा असताना जुन्याची शेपटी खाली लोंबत राहते. ‘>>’ हवं असेल तर तिसऱ्याच्या जागी ओ_अपेंड. फाइल तयार होणार असेल तर परवानगीचा आकडाही द्यावा लागतो, ०६४४. सुरुवातीचं शून्य शोभेचं नाही. त्यामुळे तो आकडा अष्टमान पद्धतीत वाचला जातो. नुसतं ६४४ लिहिलं तर अष्टमानात ते १२०४ होतं आणि आपणच बनवलेली फाइल आपल्यालाच वाचता येत नाही. यावर एका मुलाचा सबंध रविवार गेला होता.

आणि डुप२. लिहिताना डुपला चिकटून २. ओपननं दिलेल्या नंबराला ‘फा’ म्हणू. डुप२(फा, १) म्हणजे ‘फा’च्या मागे जी वस्तू आहे तीच आता १ च्या मागेही ठेव, १ च्या मागे आधी काही असेल तर ते बंद कर. त्यानंतर एकाच फाइलीला दोन नंबर असतात, म्हणून मूळ ‘फा’ लगेच बंद करायचा.

ही सगळी कामं फोर्कनंतर, चाइल्डमध्ये, एक्झेकच्या आधी. ती फट फार मोलाची. पॅरेंटमध्ये डुप२ केलंत तर तुमच्या स्वतःच्या प्रोग्रामचाच आवाज फाइलीत जाईल आणि स्क्रीन मुकी होईल.

पायरी ३ : नळी

बेल लॅब्सच्या डग्लस मॅकिलरॉय यांनी १९६४ मध्येच लिहून ठेवलं होतं की बागेतल्या पाण्याच्या नळीचे तुकडे जोडतात तसे प्रोग्राम एकमेकांना जोडता आले पाहिजेत. केन थॉम्प्सन यांनी १९७३ मध्ये युनिक्समध्ये ते प्रत्यक्षात आणलं. आपल्या वाट्याला आलंय ते दोन आकड्यांचं एक ॲरे:

इंट नळी[२];
पाइप(नळी);

नळी[०] हे वाचायचं टोक, नळी[१] हे लिहायचं. ०-वाचन, १-लेखन हा क्रम पहिल्या पायरीतल्यासारखाच, त्यामुळे पाठ करावा लागत नाही. लिनक्सवर डेटा एकाच दिशेनं जातो. गोव्यातल्या दिवाडी-चोडण बेटांकडची खाजनं (नदीकाठची बांध घातलेली शेतं) बघितली असतील तर मानस, म्हणजे बांधातली पाण्याची मोरी, आठवा: तिचं लाकडी दार ओहोटीला उघडून आतलं पाणी नदीत सोडतं आणि भरतीला मिटून खारं पाणी अडवतं. उलटा प्रवाह नाही.

पाइप फोर्कच्या आधी बनवायचा. नंतर बनवला तर प्रत्येकाकडे आपापली वेगळी नळी असेल आणि कुणाचंच पाणी कुणाकडे जाणार नाही. मग दोनदा फोर्क, दोन चाइल्ड. पहिला असा:

फा = ओपन("मासळी", ओ_आरडीओन्ली);
डुप२(फा, ०);
डुप२(नळी[१], १);
क्लोज(फा);
क्लोज(नळी[०]);
क्लोज(नळी[१]);
एक्झेकव्हीपी("ग्रेप", यादी);
पीएरर("ग्रेप");
_एक्झिट(१२७);

‘यादी’मध्ये पहिलं नाव पुन्हा ‘ग्रेप’, मग ‘बांगडा’, शेवटी नल. शेवटचं नल विसरलं तर एक्झेक मेमरीत पुढे जे सापडेल ते अर्ग्युमेंट समजून वाचत सुटतं. दुसरा चाइल्ड आरशातल्यासारखा: नळी[०] चं ०, ‘निकाल’ फाइलीचं १, मग तीच तीन क्लोज, मग डब्ल्यूसी.

शेवटच्या ओळीत साधं एक्झिट न वापरता अंडरस्कोरवालं का? फोर्कआधी तुम्ही प्रिंटएफनं काही छापलं असेल आणि ते अजून बफरमध्येच (छापण्याआधी मजकूर साठतो त्या जागेत) पडून असेल, तर फोर्क बफरचीही प्रत काढतं. साधं एक्झिट जाता जाता बफर रिकामा करतं, म्हणून तोच मजकूर पुन्हा छापला जातो. गंमत अशी की स्क्रीनवर हा घोळ सहसा दिसत नाही, कारण तिथे प्रत्येक ओळीअखेर बफर रिकामा होतो. आउटपुट फाइलीत वळवलं की मगच दिसतो.

पायरी ४ : आठ टोकं, सहा क्लोज

आता ती अडकणारी जागा. मी पहिल्यांदा हे लिहिलं तेव्हा पावसाळ्याची संध्याकाळ होती, वीज येत-जात होती, आणि प्रोग्राम गप्प बसला तेव्हा मला खरंच वाटलं की लॅपटॉप मंदावलाय. चहा करून आलो. तरी गप्पच.

डब्ल्यूसीनं आकडा सांगायचा तर आधी त्याला कळायला हवं की इनपुट संपलं. पाइपमध्ये ‘संपलं’ असं कुठलंही अक्षर येत नाही. कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, फक्त मोजतं: या नळीचं लिहायचं टोक किती जणांकडे उघडं आहे? आकडा शून्यावर आला आणि नळी रिकामी झाली की वाचणाऱ्याच्या रीडला ० मिळतो, आणि तोच इनपुटचा शेवट. एकाच्या जरी हातात ते टोक राहिलं, तरी कर्नल म्हणतं, थांब, अजून काही येईल. तो हातवाला झोपलाय की दुसरंच काही करतोय, याची कर्नल चौकशी करत नाही.

मग हात मोजू या. पाइप एक, टोकं दोन. दोन फोर्कनंतर पॅरेंट, पहिला आणि दुसरा चाइल्ड, तिघांच्याही तक्त्यात दोन-दोन. झाली सहा. दोन्ही चाइल्डनी डुप२ करून आणखी एकेक प्रत काढली. झाली आठ. यातली गरजेची फक्त दोन: ग्रेपचं १ आणि डब्ल्यूसीचं ०. उरलेली सहा बंद करायची. प्रत्येक प्रोसेसमध्ये दोन, तिघांत सहा. कागदावर तीन चौकोन काढा, टोकं लिहा, क्लोज लिहिलं की खोडा. मी अजूनही काढतो.

विसरली जातात ती दोन ठिकाणी. एक पॅरेंटमध्ये: त्याला नळीशी काही काम नसतं, म्हणून त्याच्याकडेही टोकं आहेत हेच डोक्यात येत नाही. मग तो डब्ल्यूसी संपायची वाट बघतो आणि डब्ल्यूसी पॅरेंटनं टोक सोडायची. दोघंही सभ्यपणे एकमेकांसाठी थांबलेले. दुसरी जागा त्याहून मजेशीर: दुसऱ्या चाइल्डमध्ये नळी[१] उघडं राहणं. तिथे डब्ल्यूसी दुसऱ्या कुणाची नव्हे, स्वतःचीच वाट बघत बसतो. लिहायचं टोक त्याच्याच खिशात असतं आणि त्याला ते ठाऊक नसतं.

हे नुसतं तर्कानं शोधत बसू नका, डोळ्यांनी बघता येतं. प्रोग्राम अडकलेला असताना दुसरं टर्मिनल उघडा, पीएसनं अडकलेल्या डब्ल्यूसीचा नंबर काढा आणि /प्रॉक/ मध्ये त्या नंबराच्या फोल्डरमधल्या ‘एफडी’ची एलएस -एल नं यादी बघा. तिथे ० समोर ‘पाइप’ आणि चौकटी कंसात एक आकडा दिसेल. तोच आकडा ४ समोरही दिसला, की चोर सापडला: पहिल्या पाइपला बहुधा ३ आणि ४ हे नंबर मिळतात, आणि ४ म्हणजे लिहायचं टोक. डब्ल्यूसीकडे ते नसेल तर पॅरेंटच्या नंबराची हीच यादी बघा. मॅकवर /प्रॉक/ नाही, तिथे एलसॉफ वापरा. त्या संध्याकाळी मला हे माहीत असतं तर चहा एकदाच झाला असता.

पायरी ५ : वेटपिड कुठे ठेवायचं

वेटपिड म्हणजे चाइल्ड संपेपर्यंत थांबणं. ते दोन्ही चाइल्ड सुरू केल्यानंतर, पॅरेंटची दोन क्लोज झाल्यानंतर. दोन वेटपिड, दोघांसाठी. वाट न बघता पॅरेंट संपला तर प्रॉम्प्ट आधी येतो आणि निकाल मागून. पॅरेंट चालूच राहिला तर मेलेले चाइल्ड झोंबी होऊन प्रोसेसच्या तक्त्यात पडून राहतात.

पण पहिल्या चाइल्डची वाट बघून मगच दुसरा सुरू करायचा मोह आवरा. डोक्याला तो क्रम पटतो: आधी ग्रेप संपू दे, मग मोजणी. छोट्या फाइलीवर तो चालतोही, आणि हीच त्याची लबाडी. लिनक्सवर पाइपमध्ये साधारणपणे ६५,५३६ बाइट मावतात. ‘बांगडा’ या शब्दाचे यूटीएफ-८ मध्ये १८ बाइट, ओळ संपल्याचा एक, एकूण १९. म्हणजे साधारण ३,४४९ बांगड्यांनंतर नळी तुडुंब. त्यानंतर ग्रेपचं लिखाण थांबतं, नळी उपसणारा डब्ल्यूसी अजून जन्मलेला नाही, आणि पॅरेंट ग्रेप संपायची वाट बघतोय. आमच्या घरच्या वहीवर हा दोष कधीच उघडा पडला नसता. म्हणून चाचणीला एक लाख ओळींची फाइल मुद्दाम बनवा.

पायरी ६ : शेल जसं चुकतं तसं चुका

ट्रॉलरबंदीचे ६१ दिवस, १ जून ते ३१ जुलै, आमच्या वहीत बहुतेक सुकी मासळीच असते. त्या महिन्यांची फाइल घेऊन ‘इसवण’ शोधा. ग्रेपला काही सापडत नाही, तो १ हा एक्झिट कोड देऊन संपतो. तरी संपूर्ण ओळीचा कोड शेल ० सांगतं, कारण पाइपलाइनचा कोड म्हणजे शेवटच्या कमांडचा कोड. तुमच्या प्रोग्रामनंही दुसऱ्या वेटपिडमधून आलेला कोडच परत द्यावा. वेटपिडनं भरून दिलेला आकडा जसाच्या तसा देऊ नका. डब्ल्यूआयएफएक्झिटेड आणि डब्ल्यूएक्झिटस्टेटस या मॅक्रोंतून काढा. कमांडच सापडली नाही तर १२७, सापडली पण चालवायची परवानगी नाही तर १२६.

‘मासळी’ फाइलच नसेल तर? पुष्कळजण मेनच्या सुरुवातीला दोन्ही फाइली उघडतात आणि पहिली नाही मिळाली की सगळंच आटपतात. शेल तसं करत नाही. डावी बाजू तक्रार करून मरते, उजवी चालते, ‘निकाल’मध्ये ० येतो. फाइली आपापल्या चाइल्डमध्ये उघडल्या, आणि ओपन फसलं तर तिथेच पीएरर आणि _एक्झिट(१) केलं, की हे वागणं आपसूक जमतं.

२>&१ चा घोळ

‘> निकाल २>&१’ आणि ‘२>&१ > निकाल’ यांत फरक काय, हे पूर्वी मला दर वेळी बघावं लागायचं. डुप२ कळल्यावर सुटलं. शेल डावीकडून उजवीकडे जातं. पहिल्यात आधी १ फाइलीकडे वळतं, मग डुप२(१, २) त्या क्षणी १ च्या मागे जे आहे, म्हणजे फाइल, ते २ ला देतं. दुसऱ्यात डुप२(१, २) होतं तेव्हा १ च्या मागे अजून स्क्रीन आहे. नंतर १ फाइलीकडे गेलं तरी २ स्क्रीनलाच चिकटून राहतं. डुप२ नातं जोडत नाही, त्या घडीची प्रत काढतं.

तीन, चार, पाच कमांडा

लूप लावा. प्रत्येक फेरीत नवा पाइप, एक फोर्क, आणि मागच्या फेरीचं वाचायचं टोक एका व्हेरिएबलमध्ये जपून पुढच्या चाइल्डला ०. पॅरेंटनं लिहायचं टोक त्याच फेरीत बंद करायचं, मागचं वाचायचं टोक वापरून झाल्याबरोबर. सगळे पाइप आधीच बनवून ठेवणारे कोड मी बघितलेत. पाच कमांडांना चार पाइप, आठ टोकं, पॅरेंट धरून सहा प्रोसेस, आणि क्लोजचं जंगल. त्या वाटेनं जाऊ नका.

कमांडची ओळ स्पेसवर तोडणं सोपं आहे. अवतरणचिन्हं आली की तो वेगळाच प्रकल्प होतो. पहिल्या खेपेला अर्ग्युमेंट हातानं लिहा. आणि कुणी म्हणालं की पीओपन हे फंक्शन एका ओळीत हे करून देतं, तर खरं आहे, पण ते शेललाच कामाला लावतं.

शेवटची चाचणी

येस | हेड -एन १

येस अखंड ‘वाय’ छापत राहतो, हेड एक ओळ घेऊन निघून जातो. वाचायचं टोक कुणाकडेच उरलं नाही की येसच्या पुढच्या लिखाणावर कर्नल सिगपाइप, म्हणजे १३ नंबरचा सिग्नल पाठवतं आणि येस मरतो. बॅश या शेलला पाइपस्टेटस, म्हणजे पाइपलाइनमधल्या प्रत्येक कमांडचा एक्झिट कोड, विचारलंत तर १४१ आणि ० असं उत्तर येतं: १२८ अधिक १३. तुमच्या प्रोग्रामनं एक ‘वाय’ छापून लगेच प्रॉम्प्ट परत दिला तर ठीक. ‘वाय’ आला पण प्रॉम्प्ट आला नाही, तर या वेळी नळी[०] कुणी सोडलेलं नाही ते बघा. पॅरेंटपासून सुरुवात करा.